टोळीतली जागा

मनकर्णाचा हात मोडला तो पोळा होऊन महिना होत आला तेव्हा, आणि मोडला अगदी साध्या कारणानं. हापशीवर पाण्याचा गुंड भरताना पाय घसरला, ती हात टेकायला गेली आणि उजवं मनगट अंगाखाली आलं. पांढुर्ण्याच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, दीड महिना हात हलवायचा नाही. ऑटोतून घरी येता येता मनकर्णाच्या मनात दुखण्याचा विचार फारसा आला नाही. दीड महिना म्हणजे दसरा जाणार, आणि दसरा गेला की वेचणी लागणार, एवढंच ती पुन्हा पुन्हा मोजत होती.

तिगावच्या आसपासच्या खेड्यांत कापूस वेचायला बायांच्या टोळ्या जातात. मनकर्णा अंबाबाईच्या टोळीत होती. सकाळी फाट्यावर पिकअप उभी राहायची आणि तिच्यात मावतील तेवढ्याच बाया टोळीत असायच्या. बागायतदार आधी अंबाबाईला फोन करत, मग दुसऱ्यांना. कारण तिच्या बाया पाला-कचरा न लावता वेचत आणि शेत अर्धवट टाकत नसत. म्हणून त्या गाडीत जागा मिळायची म्हणजे दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचं काम पक्कं. या जागेचा एक रिवाज होता. जागा बाईची नसायची, घराची असायची. घरातली बाई आजारी पडली, बाळंत झाली, तर तिच्या बदली घरातलं दुसरं कुणीतरी चढायचं. कुणीच चढलं नाही तर जागा दुसऱ्या घराला जायची आणि मग परत यायची नाही. मनकर्णाला ही जागा सासूकडून आली होती, सासूला डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हा. लग्नात सासरकडून अंगावर काय घातलं ते तिला आता धड आठवत नव्हतं, पण ही जागा कोणत्या वर्षी मिळाली ते पक्कं आठवत होतं.

घरात चढण्याजोगं एकच माणूस होतं. नवरा हिरामण पांढुर्ण्याला संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे पेट्या ठोकायला जायचा, हंगामात तो तिथंच झोपायचा. धाकटा हर्षल पाचवीत. राहिली तृप्ती.

तृप्ती नववीत होती. शाळा दुसऱ्या गावात असल्यामुळे तिला त्याच पावसाळ्यात सरकारी सायकल मिळाली होती. सायकलचा प्लास्टिकचा कागद तिनं अजून सीटवरून काढला नव्हता. पोरगी हुशार होती असं शाळेत म्हणत, पण मनकर्णाला तिच्याबद्दल वेगळंच काहीतरी ठाऊक होतं. एखादी गोष्ट दुसऱ्याला आपल्यापेक्षा बरी जमते, हे तृप्तीला सहन व्हायचं नाही. लहानपणी तांदूळ निवडायला बसवली तर ती शेजारणीच्या सुपाकडे बघत निवडायची. भांडखोर नव्हती, गर्वही नव्हता. पहिलं यायचं, बस.

"थोडेच दिवस," मनकर्णा तिला म्हणाली. "माहं प्लास्टर निघालं का तू शाळेत अन् मी गाडीत."

तृप्तीनं मान हलवली. विज्ञानाचं पुस्तक तिनं दप्तरातून काढून कोनाड्यात ठेवलं, रोज वाचीन म्हणाली.

मग मनकर्णानं तिला वेचायला शिकवलं. परसात दोन-चार पऱ्हाटीची झाडं आपोआप उगवली होती, त्यांवरची बोंडं नुकती फुटत होती. तिथं उभं राहून, प्लास्टरचा हात गळ्यात आणि डावा हात झाडात घालून, तिनं पोरीला सगळं दाखवलं. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्या सुईसारख्या असतात, त्या नखाच्या कडेला टोचतात, म्हणून बोटं वरून घालायची, बाजूनं नाही. तीन बोटांत सगळ्या पाकळ्यांतला कापूस एकदम धरायचा आणि एका ओढीत काढायचा. दोन ओढी लागल्या तर अर्धा दिवस फुकट गेला समजायचं. वेचलेला कापूस टाकायची फडक्याची ओटी कमरेला फार वर बांधायची नाही, खाली सोडायची, म्हणजे हाताला आपोआप सापडते. तृप्ती प्रत्येक गोष्ट का, असं विचारत होती आणि मनकर्णा सांगत होती. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला एवढं येतं याचं तिचं तिलाच नवल वाटलं, आणि सांगण्याच्या भरात तिनं काही म्हणजे काही हातचं राखलं नाही. पुढं तिला वाटायचं, तिथंच चुकलं.

पहिल्या दिवशी गाडीत चढवताना ती एवढं मात्र बोलली होती, "हात हळू चालवजो. मधात राहाय. ना पुढे, ना मागे."

अंबाबाईनं वरून हात देत पोरीला गाडीत ओढून घेतलं. "घाबरू नको वो मनकर्णा," ती म्हणाली, "तुही पोट्टी कापसात हरपणार नाही. काळीसावळी आहे, दुरून दिसते." बाया हसल्या. तृप्तीही हसली.

टोळीत जाणाऱ्या कुठल्याही बाईला एक नियम सांगावा लागत नसे. संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काटा लागायचा, ज्याचं त्याचं गाठोडं मोजलं जायचं, आणि मोजायच्या आधी अंबाबाई प्रत्येक गाठोड्यात कोपरापर्यंत हात घालायची. आत ओल लागते का, ते बघायला. कापसावर पाणी मारलं की वजन वाढतं, पण ओल्या कापसानं ढीग आतून तापतो, पिवळा पडतो, आणि टोळीचं नाव जातं. दोन वर्षांमागं एका नव्या सुनेनं ते केलं होतं. अंबाबाई ओरडली नाही की शिवी दिली नाही. दुसऱ्या दिवशी त्या घरासाठी गाडी थांबली नाही, आणि आजूबाजूच्या कुठल्याच टोळीची थांबली नाही.

तृप्ती पहिले दोन-चार दिवस रडकुंडीला आली. बोटं सुजली, पाठ धरली. मनकर्णा रात्री डाव्या हातानं तिच्या बोटांना तेल लावायची आणि मनातून तिला बरंही वाटायचं. असंच राहू दे. पोरीला हे काम नकोसं होऊ दे.

पण तसं झालं नाही. पोरगी जेवताना बोलायला लागली. बोंडं खालून वर फुटत जातात, आणि उन्हाच्या बाजूची आधी फुटतात, हे तिच्या लक्षात आलं होतं. म्हणून ती आता सकाळी तासाच्या, म्हणजे झाडांच्या ओळीच्या, एका बाजूनं जायची आणि दुपारून दुसऱ्या. हात या झाडावर असताना डोळे पुढच्या झाडावर ठेवायचे. डावा हातही उजव्याइतकाच चालला पाहिजे, म्हणून तिनं आख्खा एक दिवस नुसत्या डाव्या हातानं वेचून पाहिलं, मागं पडली तरी. हर्षल भाकर तोंडात धरून ऐकत बसायचा. विज्ञानाचं पुस्तक कोनाड्यातच होतं. त्याच्यावर आता कणकीचा डबा आला होता.

दिवाळीच्या सुमारास अंबाबाई घरी आली. चहा पिता पिता तिनं सांगितलं की काट्यावर पोरीचा पहिला नंबर लागतो, रोज. बारा-पंधरा वर्षं हात मुरलेल्या बायांच्या पुढं. यशवंतराव पाटलांनी स्वतः विचारलं, ही कोणाची म्हणून. त्यांचं शेत सगळ्यांत मोठं, आणि ते माणूस बघून बोलत नाहीत, काटा बघून बोलतात.

मनकर्णा ऐकत होती आणि तिच्या आत दोन गोष्टी एकदम झाल्या. एक म्हणजे छाती भरून आली. आणि दुसरी म्हणजे भीती. तिनं डाव्या हातानं चहाचा कप खाली ठेवला; उजवा अजून गळ्यातच बांधलेला होता.

रश्मी मॅडम त्यानंतरच्या रविवारी आल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, अतिथी शिक्षक म्हणून. सौंसरहून बसनं ये-जा करायच्या आणि त्यांचाही पगार दोन-दोन महिने यायचा नाही, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. बाजेवर बसून त्यांनी रागावल्याशिवाय सगळं सांगितलं. डिसेंबरात छमाही परीक्षा आहे. जी पोरगी छमाहीला बसत नाही ती वार्षिकलाही बसत नाही, असं त्यांनी पाहिलंय. नाव शाळेत राहतं, पोरगी राहत नाही. तृप्तीला दहावीनंतर विज्ञान घेता येईल. घरभर नजर गेली त्यांची, तशी ती सगळ्यांच्याच घरी जात असेल. "मी जबरदस्ती नाही करत आहे, ताई," त्या हिंदी वळणाच्या मराठीत म्हणाल्या. मनकर्णानं त्यांना शब्द दिला, प्लास्टर निघू द्या.

प्लास्टर निघालं त्या दिवशी टोळीला सुट्टी होती. तृप्ती सकाळी सायकल पुसून शाळेत गेली. मनकर्णा दवाखान्यातून परतली तेव्हा पोरगी घरी येऊन चुलीपुढं बसली होती. शाळेत काय झालं ते जेवताना हळूहळू बाहेर आलं. वर्ग बराच पुढं गेला होता. फळ्यावर सूत्र होतं, त्यातलं एक अक्षर कशाचं, तेच तिला कळेना. मग तिला ते उर्वशीनं समजावून सांगितलं.

उर्वशी त्याच गावची, दोन घरं पलीकडची. सहावीपासून ती तृप्तीच्या शेजारी बसायची आणि तृप्तीच्या वहीत बघून गणितं उतरवायची.

"चांगलं सांगतलं तिनं," तृप्ती म्हणाली. ताटातली भाजी तशीच होती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गाडीत चढली.

प्लास्टरमधून निघालेला हात मनकर्णाला स्वतःचा वाटेना. बारीक, पांढुरका, खवले सुटलेला. मनगट वळत नव्हतं आणि बोटांची मूठ अर्ध्यात अडकायची. डॉक्टर म्हणाले होते, गरम पाण्यात शेका, चेंडू दाबा, सुटेल. किती दिवसांत, ते काही बोलले नव्हते. ती शेकत राहिली. हर्षलचा रबरी चेंडू दाबत राहिली. मग एका सकाळी परसातल्या पऱ्हाटीपाशी जाऊन तिनं बोंडात बोटं घातली. अंगठा पोचला, पण पकडीत जोर नव्हता. एका ओढीचं काम तीन ओढींत झालं, आणि निम्मा कापूस बोंडातच राहिला.

तरी ती फाट्यावर गेली. अंबाबाईला म्हणाली, उद्यापासून मी येते, पोरीचे पेपर आलेत.

अंबाबाईनं तिचा हात आपल्या हातात घेतला, बोटं एकेक वाकवून पाहिली. तीसुद्धा थकलेली दिसत होती. एवढ्या घरांचं काम डोक्यावर घेतलेल्या बाईला रोज सकाळी कुणाला तरी नाही म्हणावं लागतं. "तू आराम कर अजून," ती म्हणाली. "जागा तुह्या घराचीच हाय. पण गाडीत बसन तर तिनंच बसावं, मनकर्णा. पाटील काटा पाह्यते. एक हात मागं पडला तर अख्खी टोळी मागं पडते." मग म्हणाली, की पोरगी येणार नसेल तर तसं आधी सांग. उर्वशीची आई मागच्या सालापासून जागा मागून राहिली आहे.

त्या शनिवारी हिरामण घरी आला तेव्हा मनकर्णानं त्याच्यापुढं विषय काढला. हिरामण वाईट माणूस नव्हता. त्याच्या बोटांच्या पेरांवर खिळ्यांचे काळे डाग होते आणि तो बसल्या बसल्या पेंगत होता. तो म्हणाला, संक्रांतीपर्यंतचा तर प्रश्न आहे. मग म्हणाला, छमाही दरवर्षीच येते. मनकर्णानं त्याला सांगायचा प्रयत्न केला की हे संक्रांतीपर्यंतचं नाही. संक्रांतीनंतर पोरगी दोन धडे मागं नसेल, अख्खं वर्ष मागं असेल, आणि तेव्हा तिला कुणी हात धरून वर्गात बसवू शकणार नाही. पण हे तिला नीट मांडता आलं नाही, आणि तोपर्यंत त्याचे डोळे मिटले होते.

शेवटी तिनं तृप्तीलाच म्हटलं, उद्यापासून तू शाळेत जा. जागा गेली तर गेली, आपण पाहू.

तृप्ती ओटीचा फडका शिवत होती, टोकाला फाटला होता. तिनं वर पाहिलं नाही.

"मी जाते ना वेचाले. मले काही तरास नाही."

"तुले तरास नाही, मले आहे."

"माय, तिथं माहा पहिला नंबर राह्यते," तृप्ती म्हणाली. आवाजात हट्ट नव्हता, नुसती माहिती होती. "शाळेत आता कोनता येईन?"

मनकर्णानं पोरीच्या हातातल्या फडक्याकडं पाहिलं. तिला एवढंच कळलं, की पोरीला आता कुणी टोळीत धाडत नव्हतं. ती आपली आपण जात होती. घरातून नको म्हटलं तरी ती जाणार होती, कारण जिथं आपला पहिला नंबर आहे ती जागा सोडून दुसरीकडं शेवटच्या बाकावर बसायला कोण जाईल? ती जागा तिला सुटणार नव्हती. त्या जागेनंच तिला सोडलं तर गोष्ट वेगळी.

डिसेंबर लागता लागता आभाळ आलं. थंडी गेली आणि दमट झालं. यशवंतराव पाटलांच्या शेतात सगळी बोंडं एकदम फुटली होती. पाऊस आला असता तर उभ्या झाडावर सगळं मातीमोल. पाटलांनी फोन केला आणि अंबाबाईनं निरोप धाडला, ज्या कुणाला हात आहेत त्या सगळ्या या, आज गाडी दोन फेऱ्या करेल. मनकर्णाला तिनं मुद्दाम सांगितलं, एका हाताचा का होईना, उपयोग आहे. वेचता नाही आलं तर गाठोडी धुऱ्यावर आणून टाक.

म्हणून त्या दिवशी दोघी एकाच गाडीत चढल्या.

मनकर्णानं आपल्या पोरीला वेचताना तोवर पाहिलं नव्हतं. त्या सकाळी पाहिलं. तृप्ती तासातून चालत होती, थांबत नव्हती. दोन्ही हात झाडात शिरायचे आणि भरून बाहेर यायचे, पाण्यात हात घालून काढावेत तसे, आणि मागं उरायची ती नुसती काळी, रिकामी बोंडं. एक पांढरा धागाही नाही. पाठ वाकलेली, मान पुढं. मनकर्णाला आपली सासू आठवली. सासूची मान शेवटी तशीच राहिली होती, सरळ होतच नव्हती, बाजेवर झोपली तरी.

दुपारी बाया भाकरी खायला लिंबाखाली बसल्या. तृप्तीचं सकाळचं गाठोडं धुऱ्यावर, बाकीच्यांपेक्षा मोठं. ओळीच्या टोकाला होतं. मनकर्णा उठून तिकडं गेली तर कुणी पाहिलंही नाही, गाठोडी आणणं-लावणं तिचंच काम होतं. तिच्याजवळ पाण्याची बाटली होती. उजव्या हातानं झाकण फिरेना. तिनं ते दातात धरून उघडलं, गाठोड्याची गाठ डाव्या हातानं सैल केली आणि सगळं पाणी आत ओतलं, मग वरचा कोरडा कापूस सारखा केला. तिला फक्त फार थकल्यासारखं झालं. संध्याकाळी अंबाबाई हात घालेल, ओल लागेल, उद्यापासून गाडी थांबणार नाही. झालं. आपल्या घरासाठी कुठलीच गाडी थांबणार नाही हेही तिला ठाऊक होतं, आणि ते तिनं मनात बाजूला ठेवलं होतं.

दिवस मावळताना काटा लागला. पाटील स्वतः वजन पाहायला उभे होते. अंबाबाई एकेका गाठोड्यात हात घालत येत होती. तृप्ती रिकामी ओटी झटकत आपल्या गाठोड्याशी उभी होती, चेहरा उन्हानं काळवंडलेला, आणि डोळ्यांत काट्यावर आकडा यायच्या आधीचा तो आनंद. मनकर्णानं तिकडं पाहायचं टाळलं.

अंबाबाईचा हात आत गेला आणि थांबला. तिनं मूठभर कापूस बाहेर काढला, पिळला. पाणी आलं नाही, पण तिचा तळवा चकाकला.

"ओलं आहे," ती म्हणाली.

पाटलांनी जवळ येऊन हात लावून पाहिला. मग ते वळून कापसाच्या ढिगाकडं पाहत राहिले.

"मी नाही मारलं पानी," तृप्ती म्हणाली.

मागून कुणीतरी बोललं, शाळेत हेच शिकोते काय वो? दुसरी म्हणाली, "पहिला नंबर असाच येते बाप्पा. आमी आपल्या वेड्या, बोटं फोडून घेतो." आणखी दोघी-तिघी हसल्या, दिवसभर वाकलेल्या बायांचं ते हसू फार कडू होतं. मग एकीनं बोलून टाकलं, की म्हणजे दिवाळीपासून हेच चाललं असन.

हे मनकर्णानं धरलंच नव्हतं. तिला वाटलं होतं, एका दिवसाचा डाग लागेल आणि पोरगी सुटेल. ती एक बाटली मागच्या सगळ्या दिवसांवर सांडेल, असं तिला वाटलं नव्हतं. तृप्ती एकेका बाईच्या तोंडाकडं पाहत होती. उन्हाची बाजू, डावा हात, एका ओढीतला कापूस; तिनं शोधून काढलेलं सगळं आता कुणीच खरं मानणार नव्हतं. ती रडली नाही, आणि मनकर्णाला ते पाहवेना.

"म्या टाकलं," मनकर्णा म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"पोरीले माहीत नाही. दुपारी म्या टाकलं. हे बाटली."

"काहून?" अंबाबाईनं विचारलं.

खरं कारण तिथं, त्या बायांपुढं, ज्यांच्या पोरी घरी लहानग्यांना सांभाळत बसल्या होत्या त्यांच्यापुढं, तिला सांगता येणार नव्हतं. "वजन वाढन म्हनून," ती म्हणाली. "माह्या हातानं काही होत नाही. हाव सुटली."

अंबाबाई तिच्याकडं पाहत राहिली. तिनं मनकर्णाच्या वाकड्या मनगटाकडं पाहिलं, मग तृप्तीकडं, मग पुन्हा मनकर्णाकडं. तिला काय कळलं आणि काय नाही, ते तिनं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. "घर एक, जागा एक," ती शेवटी म्हणाली. "कोनी मारलं, ते मी पाहात नाही. उद्यापासून तुमच्या घरची जागा नाही."

गाडीत तिनं दोघींना फाट्यापर्यंत येऊ दिलं. एरवी एकमेकींच्या अंगावर रेलून येणाऱ्या बायांनी त्या दोघींच्या भोवती जागा सोडली होती. तिगावकडून मालगाडी जात होती, तिचा आवाज संपला तशा बाया कापसाच्या भावाच्या, भाजीच्या गोष्टी बोलू लागल्या.

फाट्यावरून घराकडं चालताना तृप्ती पुढं होती. मनकर्णा तिच्या मागं. विहिरीच्या वळणावर पोरगी थांबली.

"माय, मी तं पहिलीच होती ना. पानी कायले पाहिजे होतं?"

"पहिली होती म्हनूनच," मनकर्णा म्हणाली.

तृप्तीला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं. तिनं कमरेची ओटी सोडली, घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली.

"मले इचारलं असतं."

"इचारलं असतं तं तू नाही म्हटलं असतं."

"हो," तृप्ती म्हणाली, आणि चालायला लागली.

त्यानंतर ती आईशी बोलली नाही. हर्षलशी बोलायची, भाकरी टाकायची, पाणी भरायची. गावात गोष्ट पसरली. हापशीवर बाया बाजूला सरून मनकर्णाला आधी पाणी भरू द्यायच्या, आणि तेही टोचायचं. हिरामणला पांढुर्ण्यातच कळलं. तो आला, दारात बसला, आणि म्हणाला की व्यापाऱ्याच्या शेडमध्ये पेट्यांत तनस, वाळलं गवत, भरायला बाई पाहिजे आहे, काम संत्री आहेत तोवरच, डाव्या हातानंही होईल. मनकर्णा हो म्हणाली.

सोमवारी पहाटे ती पांढुर्ण्याच्या बससाठी निघायची तयारी करत होती, तेव्हा परसातून आवाज आला. तृप्ती सायकल बाहेर काढत होती. मागच्या चाकात हवा नव्हती. मनकर्णा पंप घेऊन गेली, पायानं धरला आणि डाव्या हातानं दाबू लागली. दोन-तीनदा दाबल्यावर दांडा तिरपा झाला. तृप्तीनं पंप तिच्या हातातून घेतला.

"हात नको लावू," ती म्हणाली. इतक्या दिवसांतले पहिले शब्द.

तिनं हवा भरली, दप्तर घेतलं. कोनाड्यातलं पुस्तक दप्तरात होतं, त्याच्यावर कणकीचं बोट उमटलेलं. दप्तर तिनं पाठीवर न टाकता सवयीनं पोटावर बांधलं, ओटीसारखं, मग ते लक्षात आल्यावर काढून मागं टाकलं.

मनकर्णा तिच्या मागोमाग फाट्यापर्यंत चालत आली. तिचीही बस तिथूनच होती. अंबाबाईची पिकअप उभी होती. शाळेचा रस्ता तिच्या अगदी बाजूनं जायचा, दुसरा रस्ता नव्हता. बाया चढत होत्या. तृप्तीनं सायकल हळू केली, इतकी हळू की मनकर्णाला वाटलं, ती पाय टेकवणार. टेकवला नाही. गाडीतल्या कुणीतरी काहीतरी म्हटलं, हसणं ऐकू आलं. तृप्तीची मान खाली गेली नाही, वरही झाली नाही. ती गाडीच्या पुढं निघून शाळेच्या वळणाला लागली.

छमाही गुरुवारपासून होती. तिला त्यातलं फार काही येणार नव्हतं. नापासही होईल. बसेल तरी.

पिकअप सुरू झाली तेव्हा मनकर्णानं पाहिलं, मागच्या फळीशी, जिथं त्यांच्या घरची जागा होती, तिथं उर्वशी बसली होती. तिच्या आईच्या अंगावर लहान लेकरू होतं, तिला येता येत नव्हतं. उर्वशीच्या कमरेला नवी कोरी ओटी होती, फार वर बांधलेली. शाळेच्या वळणाकडं पाहून ती हात हलवत होती, पण तृप्ती मागं पाहत नव्हती.

ओटी खाली सोड म्हणून सांगावं, असं मनकर्णाच्या तोंडाशी आलं. ती काही बोलली नाही. गाडी गेली, धूळ खाली बसली, आणि ती बसची वाट पाहत उभी राहिली.